टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या कॅसेट: आधी नीट उतरवा, बारीक नंतर करा

उमरग्याहून एका भावाने विचारलंय. त्यांचे वडील १९९३ साली नोकरीनिमित्त औरंगाबादला होते. किल्लारीचा भूकंप झाल्यावर पुढचे कित्येक दिवस दूरदर्शनवर जे जे दाखवलं, ते वडिलांनी व्हीसीआर लावून रेकॉर्ड करून ठेवलं. अशा चौदा कॅसेट घरात आहेत. एका बातमीत त्यांच्या आजोबांचं पडलेलं घर काही सेकंद दिसतं. आता त्यांनी शेजाऱ्यांचा व्हीसीआर आणलाय आणि यूएसबीची एक स्वस्त कॅप्चर स्टिक (व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणारी) घेतलीय. पण चित्राचा वरचा भाग एका बाजूला वाकतो. तासाभरात आवाज दोन सेकंद मागे पडतो. माणूस हलला की त्याच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येतात. स्टिकसोबतच्या सॉफ्टवेअरने थेट एमपी४ केलं तर सगळीकडे चौकोन दिसतात, आणि काही न दाबता ठेवलं तर एका तासाला पंच्याहत्तर जीबी जागा जाते. दोन कॅसेटवर पांढरी भुकटीही दिसतेय. संगणक आय३, रॅम ८ जीबी. "सेटिंग काय ठेवू?" एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

भाऊ, सेटिंग सांगतो, पण थोडं थांबा. तुमच्या चार अडचणींपैकी दोन संगणकापर्यंत यायच्या आधीच घडलेल्या आहेत, त्यांना कुठलंच सेटिंग लागू पडणार नाही. आणि सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा: कॅसेट संगणकात उतरवणं हे एक काम आणि फाइल बारीक करणं हे दुसरं. दोन्ही एका झटक्यात करायला जाऊ नका. स्टिकसोबतचं सॉफ्टवेअर नेमकं तेच करतं, म्हणून चौकोन येतात.

मी एवढ्या आग्रहाने का सांगतो, त्याला कारण आहे. मी परभणीत लग्नाच्या शूटिंगचं काम करतो. वीसेक वर्षांपूर्वी व्हीसीडीचा जमाना होता. गंगाखेडकडचे एक गृहस्थ वडिलांच्या कीर्तनाची टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली कॅसेट घेऊन आले. मी ती थेट व्हीसीडीत उतरवून दिली, पैसे घेतले, तेही खूश. पुढे घर बदलताना त्यांनी कॅसेट टाकून दिली, कारण सीडी होतीच ना. काही वर्षांनी परत आले, म्हणाले, मोठ्या टीव्हीवर बाबांचा चेहरा ओळखू येत नाही, जरा नीट करून द्या. माझ्याकडे देण्यासारखं काहीच नव्हतं. व्हीसीडीत चित्र ३५२ बाय २८८ चं असतं, म्हणजे कॅसेटवरच्या आडव्या ओळींपैकी निम्म्या आणि हालचालीतलीही निम्मी आपण फेकूनच दिलेली असते. ते गेलं ते गेलं. त्या दिवसापासून मी आधी पूर्ण माल उतरवतो, मग बारीक करतो.

आता कॅसेटकडे बघू.

व्हीएचएस कॅसेट बरीच वर्षं पडून राहिली की रिळावरचा ताण सगळीकडे सारखा राहत नाही. म्हणून प्रत्येक कॅसेट एकदा शेवटापर्यंत पुढे नेऊन परत मागे आणा आणि मगच कॅप्चर लावा. त्याआधी पाठीच्या कडेला जी छोटी प्लास्टिकची टिकली असते ती तोडून टाका. ती असेपर्यंत चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तर वडिलांनी जपलेलं पुसलं जाईल. टिकली नसली की व्हीसीआर रेकॉर्ड घेतच नाही.

शेजाऱ्यांचा व्हीसीआर किती वर्षं बंद होता ते विचारून घ्या. आपल्याकडची धूळ हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या टोकावर, बसलेली असणारच. वरचं झाकण काढा, साधा जाडसर कागद आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, तो ड्रमला (हेड बसवलेल्या फिरत्या गोल भागाला) हलका टेकवून धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम सावकाश फिरवा. कागद वरखाली अजिबात घासू नका, हेडचं टोक केसाइतकं नाजूक असतं, मोडतं. कापूस नको, त्याचे तंतू अडकतात. हे करताना प्लग काढलेला असू द्या. कागदावर काळी-तपकिरी रेघ आली तर तीच घाण तुमच्या चित्रात पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसत होती असं समजा. नवीन व्हीसीआर आता कुणी बनवत नाही, २०१६ साली शेवटच्या जपानी कंपनीनेही उत्पादन थांबवलं. जे यंत्र हातात आलंय ते जपून वापरा.

वाकणारा वरचा भाग. ड्रमवर समोरासमोर दोन हेड असतात आणि आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ड्रम सेकंदाला २५ वेळा फिरतो. एक हेड चित्राच्या विषम ओळी वाचतं, दुसरं सम. एका हेडचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं ती जागा चित्राच्या अगदी तळाशी येते. तळाला जी थरथरणारी पट्टी दिसते ती हीच. कॅसेटची फीत थोडी ताणली गेली असेल तर नवं हेड सुरू होताना ओळी वेळेवर पोचत नाहीत, क्षणभर पुढेमागे होतात, आणि त्याचा परिणाम पुढच्या चित्राच्या वरच्या ओळींवर दिसतो. जुना डबा टीव्ही हे सांभाळून घ्यायचा, म्हणून वडिलांना कधी जाणवलं नसेल. कॅप्चर स्टिकला ते जमत नाही.

यावर उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर. तो प्रत्येक ओळ क्षणभर साठवतो आणि ठरल्या वेळेला पुढे सोडतो. स्वतंत्र यंत्र महाग पडतं, त्याच्या मागे लागू नका. काही एस-व्हीएचएस (व्हीएचएसचा वरचा प्रकार) व्हीसीआरमध्ये तो आतच असतो. तेही मिळालं नाही तर जुना डीव्हीडी रेकॉर्डर शोधा, पॅनासोनिकचे ईएस१० आणि ईएस१५ या कामासाठी प्रसिद्ध आहेत. त्यात रेकॉर्ड काहीच करायचं नाही. व्हीसीआरच्या पिना रेकॉर्डरला, रेकॉर्डरच्या पिना स्टिकला, बस. नुसतं त्यातून सिग्नल गेला तरी वाकलेलं चित्र सरळ होतं. संभाजीनगर किंवा लातूरच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात विचारा, ज्यांनी डीव्हीडीचा धंदा बंद केला त्यांच्या माळ्यावर अशी यंत्रं पडलेली असतात.

याच एका बदलाने तुमचा आवाजही बराचसा जागेवर येईल. ते कसं, बघा. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम. आवाज दोन सेकंद मागे पडला म्हणजे तासाभरात साधारण ५० फ्रेम कुठेतरी गळाल्या. आवाज पूर्ण उतरला, चित्र तेवढ्याने आखूड झालं. फ्रेम गळतात त्या बहुतेक दोन रेकॉर्डिंगच्या मधल्या कोऱ्या जागेत, जिथे वडिलांनी बटण थांबवून परत चालू केलं होतं. तिथे सिग्नल तुटतो, स्टिक गोंधळते आणि काही फ्रेम पाठवतच नाही. रेकॉर्डर मधे असला की तो बहुतेक वेळा सिग्नल अखंड ठेवतो. शिवाय आवाजाची पिन संगणकाच्या मायक्रोफोनच्या भोकात लावली असेल तर काढा. चित्र एका घड्याळावर आणि आवाज दुसऱ्या घड्याळावर चालला तर ते हळूहळू फाकतातच. दोन्ही स्टिकमधूनच जाऊ द्या, आवाज ४८ किलोहर्ट्झवर. स्टिक संगणकाच्या मागच्या यूएसबी पोर्टला थेट लावा, हबमधून नको.

कॅप्चरसाठी व्हर्च्युअलडब वापरा, फुकट आहे. कॅप्चर चालू असताना बाजूला आकडे दिसतात: किती फ्रेम आल्या, किती गळाल्या, किती भरून काढल्या. मी पहिली दहा मिनिटं त्या आकड्यांवरून नजर हलवत नाही. गळती शून्य किंवा दोन-चारवर थांबली तर ठीक. आकडा वाढतच चालला असेल तर थांबवा, अँटिव्हायरस आणि इंटरनेट बंद करा, परत लावा. कॅप्चर चालू असताना त्याच संगणकावर दुसरं काही करू नका.

लाइटचंही सांगून ठेवतो, कारण आपल्या भागात हा मुद्दा टळत नाही. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर व्हीसीआर चालवला तर चित्रात आडव्या पट्ट्या सरकतात आणि आवाजात गुणगुण येते. लाइट असेल तेव्हाच काम करा, नाहीतर साइन वेव्ह इन्व्हर्टर वापरा. लॅपटॉप असता तर मी म्हटलं असतं, चार्जर काढून बॅटरीवर चालवा, निम्मी गुणगुण तिथेच जाते. तुमचा डेस्कटॉप आहे, म्हणून व्हीसीआर, रेकॉर्डर आणि संगणक एकाच बोर्डावरून घ्या आणि अर्थिंग खरोखर आहे का ते वायरमनकडून एकदा बघून घ्या.

आता जागेचा हिशेब. चित्र ७२० बाय ५७६, प्रत्येक बिंदूला दोन बाइट, सेकंदाला २५ फ्रेम. म्हणजे सेकंदाला जवळजवळ २१ एमबी आणि तासाला ७५ जीबी. तुमचा आकडा बरोबरच आहे. पण यावरचा उपाय एमपी४ नाही. हफवाययूव्ही किंवा यूटी व्हिडिओ नावाचे कोडेक येतात, ते चित्रातला एक कणही न टाकता फाइल लहान करतात. गादीची गुंडाळी करून दोरी बांधली तर जागा कमी लागते, पण कापूस तेवढाच राहतो, तसं. तासाला साधारण २५ ते ३५ जीबीवर काम येतं आणि तुमच्या आय३ ला ते झेपतं. चौदा कॅसेट दोन-दोन तासांच्या धरल्या तरी २८ तास होतात, म्हणजे सातशे ते हजार जीबी. २ टीबीची हार्डडिस्क घ्या आणि ती एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, कारण फॅट३२ मध्ये ४ जीबीच्या पुढे फाइल जातच नाही. पाचशे जीबीच्या जुन्या डिस्कमध्ये कसंबसं बसवायच्या नादात लोक क्वालिटी कापतात. असं करू नका, इथे पैसे घाला.

एका गोष्टीकडे फार थोडे लोक बघतात आणि तुमच्या कॅसेटला तीच सगळ्यात महत्त्वाची आहे: उजेडाची पातळी. बातमीतलं ते दृश्य डोळ्यापुढे आणा. ऑक्टोबरचं कडक ऊन, कोसळलेल्या माळवदाची पांढरट माती, दगडांच्या ढिगाशी उभी धोतर-टोपीतली माणसं. स्टिक जशी येते तशी लावली तर टोपी, धोतर आणि माती एकच पांढरा डाग होऊन बसतात. कॅसेटमध्ये टोपीची घडी आहे, पण स्टिकने वरचा उजेड छाटला. एकदा छाटून उतरलं की नंतर कितीही अंधार करा, घडी परत येत नाही, नुसता करडा डाग मिळतो. म्हणून त्या दृश्यावर कॅसेट चालवा, व्हर्च्युअलडबमधला हिस्टोग्राम (उजेडाच्या पातळीचा आलेख) उघडा आणि स्टिकच्या सेटिंगमधला कॉन्ट्रास्ट एकेक अंकाने खाली आणा. टोपीची कड दिसायला लागेल, मग घडी. तिथे थांबा. चित्र थोडं मळकट वाटेल, वाटू द्या, उठाव नंतर देता येतो. काळ्या भागाचं ब्राइटनेसने तसंच बघा, ढिगाऱ्यातल्या सावल्या बुडता कामा नयेत. या कामाला मी प्रत्येक कॅसेटमागे पंधरा मिनिटं देतो. फक्त पॉज करून बघत बसू नका, पॉजमध्ये फीत एकाच जागी घासली जाते. चालू ठेवा, मागे घ्या, परत चालवा.

कंगव्याच्या रेघांचं मूळ त्या दोन हेडमध्येच आहे. टीव्हीचं चित्र पूर्ण फ्रेमने येत नाही. सेकंदाला ५० अर्धी चित्रं येतात, आधी एक आड एक ओळी, मग उरलेल्या. त्या दोन अर्ध्यांमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं. तेवढ्यात माणसाने हात हलवला तर अर्धा हात एका जागी, अर्धा दुसऱ्या जागी. तो दोष नाही, माल तसाच आहे. मूळ फाइलमध्ये रेघा राहू द्या, कॅप्चर करताना डीइंटरलेसचं (या रेघा काढण्याचं) बटण अजिबात दाबू नका. उंची ५७६ वरून बदलू नका, नाहीतर सम आणि विषम ओळी एकमेकींत मिसळतात आणि मग त्या सोडवणं कुणाच्याच हातात राहत नाही.

रेघा काढायच्या त्या बारीक करताना. इथे बहुतेक जण प्रत्येक जोडीतलं एक अर्ध टाकून २५ फ्रेम करतात. मी दोन्ही अर्धी ठेवून सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम करायला सांगेन. फरक कुठे पडतो ते मला एका निवडणूक निकालाच्या कॅसेटवर कळलं. खाली केबलवाल्याची साड्यांच्या दुकानाची जाहिरातपट्टी सरकत होती. २५ फ्रेममध्ये अक्षरं एकमेकांत घासत धडपडत जायची, ५० फ्रेममध्ये दुकानाचा पत्ता सरळ वाचता आला. तुमच्याकडे बातम्या आहेत. खाली सरकणारी अक्षरं असतील, ढिगाऱ्यावरून फिरणारा कॅमेरा असेल, तिथे हा फरक लगेच दिसेल.

त्यासाठी हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर घ्या. फिल्टरमध्ये डीइंटरलेस, त्यात बीडब्ल्यूडिफ, आणि प्रीसेट बॉब. बॉब म्हणजेच ५० फ्रेम. वेळ आणि चिकाटी असेल तर एव्हीसिंथ या सॉफ्टवेअरमधला क्यूटीजीएमसी फिल्टर याहून सरस काम करतो, पण तुमच्या संगणकावर एका तासाच्या कॅसेटला रात्र जाईल. ते फक्त आजोबांच्या घराच्या तुकड्यासाठी करा. हालचाल पुढे-मागे-पुढे अशी झटके खात दिसली तर ओळींचा क्रम उलटा लागलाय, तो बदला. कोडेक एच.२६४, क्वालिटी सीआरएफ १८ ते २० (हा आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी), वेग स्लो. रुंदी ७६८, उंची ५७६, म्हणजे मोबाइलवरही चेहरे बरोबर प्रमाणात दिसतील. तळाची थरथरणारी पट्टी या प्रतीत काळ्या पट्टीने झाका. आवाज एएसी १६० केबीपीएस भरपूर झाला.

तरी फाइल अपेक्षेपेक्षा मोठी येईल, त्याने गोंधळू नका. कोडेक जागा वाचवतो ती मागच्या फ्रेममध्ये जे होतं ते परत न लिहिता. भिंत तीच, आकाश तेच, मग लिहायचं कशाला? पण व्हीएचएसवर सगळीकडे बारीक मुंग्या असतात आणि त्या प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी असतात. कोडेकला वाटतं, आकाश दर क्षणी बदलतंय. तो सगळा जोर मुंग्या लिहिण्यात घालवतो, आणि बिटरेट (सेकंदाला किती माहिती लिहायची तो आकडा) कमी ठेवलेला असेल तर चेहऱ्यासाठी काही उरत नाही. मग येतात ते चौकोन. म्हणून बारीक करायच्या आधी हलका डीनॉइज (मुंग्या कमी करणारा फिल्टर) लावा, अगदी हलका. जास्त झाला तर माणसांच्या चेहऱ्याला मेण लावल्यासारखं दिसतं आणि मातीचा खरखरीतपणा जातो. तासाला दीड ते दोन जीबी झाली तरी जाऊ द्या. लहान करायच्या हट्टाने सीआरएफ २६-२८ वर नेऊ नका.

सोळा बाय नऊ करून चित्र ताणू नका. हल्ली एआयने जुनं चित्र स्वच्छ करून देणारी सॉफ्टवेअर आली आहेत. मूळ फाइलला तर नाहीच, पण या बातम्यांच्या प्रतीलाही ते लावू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पंधरा-वीस बिंदूंच्या चेहऱ्यातून ते जो स्पष्ट चेहरा काढतं, तो त्याने मनाने बनवलेला असतो. ढिगाऱ्यापाशी उभा असलेला माणूस कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी भाऊ होता. धूसर राहिला तरी तो तोच राहू द्या.

जाहिराती आणि मधल्या कोऱ्या जागाही मूळ फाइलमधून कापू नका. बातम्यांआधीचं घड्याळ, निवेदिकेने उच्चारलेला वार, एखादी जाहिरात, यावरूनच उद्या कुणीतरी तारीख ठरवेल. कॅसेटच्या खोक्यावर वडिलांनी काही लिहिलं असेल तर त्याचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. वडील असतील तर त्यांना शेजारी बसवून एकदा सगळं बघा आणि ते काय काय सांगतात ते मोबाइलवर रेकॉर्ड करा. कुठलं गाव, कुणाचं घर, हे कॅसेटवर लिहिलेलं नसतं. मूळ फाइल दोन डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या गावी, बहिणीकडे वगैरे. घरच्यांना बारीक प्रत द्या. ती यूट्यूबवर टाकायची झाली तर प्रसारणाचे हक्क दूरदर्शनकडे आहेत हे लक्षात असू द्या.

सुरुवात कमी महत्त्वाच्या कॅसेटने करा. दोन-तीन झाल्या, हात बसला की मग आजोबांच्या घराची लावा.

राहिल्या त्या पांढऱ्या भुकटीच्या दोन कॅसेट. ती भुकटी म्हणजे बुरशी. कॅसेट कूलरच्या झोताजवळच्या कपाटात होत्या का? आपल्याकडे हवा कोरडी, तरी बुरशी येते ती बहुतेक कूलरच्या ओलाव्याने. त्या दोन व्हीसीआरमध्ये घालूच नका. एकदा घातल्या तर बुरशी हेडवर बसते आणि तिथून उरलेल्या बाराही कॅसेटना लागते. दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून कोरड्या जागी उभ्या ठेवा. माझ्याकडे फक्त अशाच कॅसेटसाठी ठेवलेला एक व्हीसीआर आहे, प्रत्येक कॅसेटनंतर तो पूर्ण साफ करतो. मृगाच्या आधी कधीही परभणीला घेऊन या, पावसाळी हवेत मी बुरशीची कॅसेट उघडत नाही. येताना सकाळी या. एका कॅसेटला पूर्ण दिवस लागतो, आणि मी काम करताना तुम्ही शेजारी बसलेलं मला चालेल.